खालच्या पट्टीत

उकळत्या पाण्यात पाच मिनिटं,
वर कुजक्या अंड्याच्या वासाचं ते औषध,
की सुटतात गंधकाच्या गाठी.
परळ, चौथा मजला, रात्रीचे सव्वाआठ.
जेलमध्ये वीज सोडून
मी जिन्यात बसून डबा खाते.

निळ्या रंगातून धुऊन निघतात दोन पट्ट्या.
वरची पन्नासची, ठसठशीत.
खालची पंचविसाची,
हलकी, म्हणून लांबवर पळालेली.

तळपदे बाई वही पुढे सरकवतात : प्रतिपिंड काढ.
मी सगळ्यांसारखीच आधी वाय काढते,
हात वर केलेल्या माणसासारखा,
आणि मग आठवल्यासारख्या
दंडाला बाहेरून दोन आखूड रेघा.
ताईत बांधावेत तशा.
‘ह्यांना तू शेवटी काढलंस,’ बाई म्हणतात,
आणि चहाला निघून जातात.

मराठीत हलकी म्हटलं
की उगाच खालचं वाटतं.
पण हिच्या टोकाशी एकशे दहा मण्यांची घडी आहे,
तिच्यातून तीन वेटोळी बाहेर डोकावतात.
जड साखळीची तीन, हिची तीन.
सहा बोटांत मिळून जे सापडतं
ते अख्खं विष नसतंच कधी;
त्याच्या अंगावरचा एक उंचवटा,
एक खाच,
कोपऱ्यातला जरासा विद्युतभार.

आम्ही जड तीच ठेवली, हलकी बदलली.
शहाण्णव खळग्यांची ताटली
(पेडणेकर तिला शहाण्णव कुळी म्हणतो)
पिवळी व्हायला हवी होती.
अर्धा तास. पाऊण तास.
पाणी पाण्यासारखंच राहिलं.
तोच उजवा हात, तेच विष,
आणि ओळखदेख नाही.

त्या आठवड्यात शिवडीच्या बाजारात
हिरा नाखवीण डाव्या हाताला पट्टी बांधून बसलेली.
शिंगाळ्याचा काटा गेला होता आरपार.
कोयता उजव्यात, तसाच धारदार,
पण सुरमईचा कल्ला उघडायचा, पोट दाबायचं,
मांस उसळून वर येतं का बघायचं,
ते सगळं डाव्याचं काम.
‘उजव्याला नाय कलत गो,’ ती म्हणाली,
‘त्याला नुसतं कापाया येतं.’
तिची सून बोट लावून सांगत होती.
सुनेला सुरमई कळत नव्हती,
बोंबील मात्र हिरापेक्षा चोख.

सतरा नंबरची हलकी साखळी लावली तेव्हा
विषाचा खळगा कोराच राहिला,
आणि शेजारचा, ज्यात आम्ही सहज म्हणून
दुसरंच काही टाकलं होतं,
हळदीसारखा उजळला.
बाई पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या.

मग मी हाडाच्या मगजातलं वाचलं.
तिथे एखादी कोवळी पेशी
घरच्यांनाच परकं समजून पकडू लागते.
तिला लगेच मारत नाहीत.
जड साखळी राहू देतात,
हलकी पुन्हा निवडायला लावतात :
हा तुकडा नको, तो जोडून बघ,
कप्पा नाही जमत तर लॅम्डा बघ.
सगळ्याच जणी वाचतात असं नाही.
पण मारण्याआधी
डावा हात बदलून पाहायची
ही सवय त्यांना कुणी लावली असेल?
मला काही उत्तर सुचलं नाही.
जेलचं पाणी ओतून टाकलं, दिवे मालवले.

काल हिराची पट्टी सुटली.
बोटं पांढुरकी, सुरकुतलेली, जरा भित्री.
पुढ्यात गिऱ्हाइकांचा गलका,
सून मोठ्यानं भाव सांगतेय,
मी एका सुरमईवर बोट ठेवलं.
हिरानं डाव्या हातानं कल्ला उचलला,
अंगठा पोटावरून फिरवला,
क्षणभर थांबली.

आणि माझ्याकडे न बघता,
सुनेलाही ऐकू जाणार नाही
अशा खालच्या पट्टीत म्हणाली,
‘ही नको घेऊ.’